ग्रुपवरचे मेसेज मोजू नका, रोजची बाकी काढा



एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल साधारण किती मेसेज आले, हे तुम्ही अंदाजाने सांगाल. पण आज सकाळी शटर वर करताना किती गिऱ्हाइकांना आपलं उत्तर द्यायचं बाकी होतं, हे सांगता येईल? नावानिशी? आणि कधीपासून बाकी आहे, त्यासकट?

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न विचारला की बहुतेक जण गप्प होतात. गल्ल्यात रोकड किती, हे आपल्याला रुपयापर्यंत माहीत असतं. उधारी कुणाकडे किती थकली, ते वहीत असतं. पण एखाद्याने स्वतःहून विचारलं, "हे आहे का, केवढ्याला आहे, कधी मिळेल?", तर त्याची नोंद कुठेच नसते. "फोनमध्ये आहे ना!" असं आपण म्हणतो. फोनमध्ये मेसेज असतो, नोंद नसते. हे दोन वेगळे आहेत, आणि आजचा सगळा धडा या फरकावरच आहे.

उदाहरणासाठी शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान घेऊ. माझा स्वतःचा धंदा तोच आहे, त्यामुळे हवेत बोलणं होणार नाही. तुमचं दुकान हार्डवेअरचं असो, साड्यांचं असो, नाहीतर घरून फराळाच्या ऑर्डरी घेत असाल, रीत तीच लागू होते.

लाल-हिरवा ठिपका म्हणजे वही नव्हे

महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. त्याआधीचे तीन-चार आठवडे म्हणजे आमची दिवाळी. पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून सुरू होतं: "चौथीचा शर्ट ३० नंबर आहे का?" "पीटीची पांढरी पँट आली का?" "रविवारी दुकान उघडं आहे का?" मध्ये कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं, कुणी बसच्या वेळा विचारतं, दोन पालक आपसात वह्यांच्या भावावर बोलतात. तासाभरात चाळीस मेसेज. त्यात आपल्या कामाचे सात.

आता फोन काय करतो बघा.

पहिलं, न वाचलेल्या मेसेजचा आकडा चॅट उघडलं की पुसला जातो. तुम्ही फक्त बघितलं, उत्तर दिलं नाही, तरी फोनच्या लेखी काम झालं.

दुसरं, चॅटची यादी नवीन मेसेजच्या क्रमाने लागते. ज्याने परवा विचारून गप्प बसला, तो खाली खाली जातो. जो सारखा बोलतो, तो वर राहतो. म्हणजे ज्याच्याकडे लक्ष द्यायची गरज सगळ्यात जास्त, तोच नजरेआड होतो.

तिसरं, व्हॉट्सॲपचं एक खातं मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी जोडता येतं. सोय चांगली आहे. पण काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर मेसेज उघडला की तुमच्या फोनवरचाही ठिपका जातो. तुम्ही समजता त्याने उत्तर दिलं, तो समजतो ताई देतील. गिऱ्हाइकाला निळ्या खुणा दिसतात आणि ते समजतं, वाचून सोडून दिलं.

म्हणून, मंडळी, वाचणं वेगळं आणि निकाली काढणं वेगळं. फोन वाचण्याचा हिशेब ठेवतो. निकालाचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो.

गिऱ्हाईक भांडून जात नाही, गप्प राहून जातं

एवढी उठाठेव कशाला, असं वाटेल. राहिलं एखाद-दुसरं उत्तर, तर गिऱ्हाईक पुन्हा विचारेलच की!

काही विचारतात, सगळे नाही. एक उदाहरण डोळ्यासमोर आणा. तीनशे पालकांच्या ग्रुपवर एक आई विचारते, "पाचवीच्या मुलासाठी सगळ्यात मोठी कंबर कितीची मिळेल?" हा प्रश्न सगळ्यांसमोर टाकायला तिला किती जड गेलं असेल, याचा विचार करा. मुलगा अंगाने थोराड आहे, तयार कपडे बसत नाहीत, दरवर्षी शोधाशोध होते. तिच्या मेसेजनंतर दोन मिनिटांत बसच्या वेळांवर पंधरा मेसेज पडले. तिचा प्रश्न वर गेला. उत्तर आलं नाही. ती पुन्हा विचारणार नाही. पहिल्या दिवशी ते पोर रंगीत कपड्यांत रांगेत उभं राहील.

आपल्या दृष्टीने काय गेलं? दोन पँटी आणि दोन शर्ट. तिच्या दृष्टीने मात्र हे दुकान कायमचं बाद. आणि गंमत म्हणजे आपल्या वहीत या नुकसानीचा एक पैसाही दिसत नाही. न झालेली विक्री कुठल्याच बिलात येत नाही. ती दिसायची असेल तर एकच उपाय: विचारणा आली त्या क्षणी ती कागदावर आली पाहिजे.

आधी चाळणी लावा

ग्रुपवरच्या सगळ्या हालचालींवर नजर ठेवायला गेलात तर दिवसभर फोनच धरून बसाल. म्हणून मेसेज चार ढिगांत टाकायचे.

१. विचारणा: आहे का, किती, कुठे, कधी.
२. ऑर्डर: "बाजूला ठेवा", "दोन जोड पाठवा", "ॲडव्हान्स टाकला".
३. तक्रार आणि बदली: माप चुकलं, शिवण उसवली, रंग वेगळा निघाला.
४. बाकी सगळं: शुभेच्छा, गप्पा, फॉरवर्ड.

पहिले तीन ढीग वहीत जातात. चौथा जात नाही. चौथ्या ढिगात माणसांची आपुलकी असते, तिला हात जोडलेला एक इमोजी पुरे. पण तिथे लिहायला काही नसतं.

एक खाचखळगा सांगते. तक्रार पुष्कळदा विचारणेचे कपडे घालून येते. "तुमच्याकडे आता तोच कापड वापरतात का जो आधी वापरायचे?" ही विचारणा नाही. धुतल्यावर काहीतरी झालंय. असा मेसेज तिसऱ्या ढिगात टाकायचा आणि फोन करून विचारायचं.

कीर्द: रोजच्या नोंदीची वही

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. कीर्द, म्हणजे दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे तारखेप्रमाणे लिहायची वही. आणि खतावणी, म्हणजे तेच व्यवहार नंतर खात्याखात्यात वाटून मांडायची वही. पैशासाठी आपण ही पद्धत पिढ्यान् पिढ्या वापरतोय. विचारणांनाही तीच लावायची. नवं काही शिकायचं नाही.

दोनशे पानी वही घ्या, नाहीतर मोबाइलवर साधी शीट उघडा. सहा रकाने आखा:

तारीख आणि वेळ | कोण | काय विचारलं | कोण उत्तर देणार | कधीपर्यंत | निकाल

नोंद एका ओळीत मावली पाहिजे. अशी:

३ जून, सकाळी ९:४० | चौथी ब, शेवटचे आकडे ५२ | शर्ट ३० नंबर, २ नग | काउंटर | आज | आहे, बाजूला ठेवले

३ जून, सकाळी १०:१५ | पाचवी अ, शेवटचे आकडे १७ | मोठ्या कंबरेची पँट | मी | आज, खासगीत | टेलरला विचारून ५ तारखेला सांगायचं

३ जून, दुपारी १:०५ | दुसरी क, शेवटचे आकडे ८० | ट्यूनिकची शिवण उसवली | मी | आज फोन | बाकी

'कोण' या रकान्यात पूर्ण नंबर लिहू नका, शेवटचे दोन आकडे पुरतात. मुलाचं नाव तर अजिबात नको. वही काउंटरवर उघडी पडलेली असते, येणारा-जाणारा वाचतो. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी आपल्याकडे २०२३ साली डिजिटल माहितीसंरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दुसऱ्याच्या लेकराची माहिती गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर ठेवू नये, एवढं आपल्याला कळतंच.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा, निकालाचा. निकाली म्हणजे काय, हे आधीच ठरवून टाका, नाहीतर मन आपल्याला फसवतं.

"आहे", हा निकाल.
"नाही, आमच्याकडे मिळत नाही", हाही निकाल. स्पष्ट नकाराने गिऱ्हाईक तुटत नाही, ताटकळण्याने तुटतं.
"५ तारखेला येईल", हा अर्धा निकाल. ओळ उघडी राहते, आणि ५ तारखेच्या पानावर तीच ओळ पुन्हा लिहायची.
"बघतो", "येईल", "विचारून सांगतो", हे निकाल नव्हेत. तारीख नसलेलं आश्वासन म्हणजे बाकीच.

वरच्या दुसऱ्या नोंदीत 'खासगीत' असा शब्द आहे, तो बघा. माप, पैसे थकलेले, सवलतीची मागणी, अशा प्रश्नांना ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. ग्रुपवर फक्त "ताई, पर्सनलवर कळवते" एवढंच. म्हणजे बाकीच्यांनाही दिसतं की दुकान उत्तर देतं, आणि त्या माणसाची लाजही राखली जाते.

संध्याकाळची बाकी

आता मुख्य काम. दुकान बंद करताना रोकड मोजतो, त्याच वेळी विचारणांची बाकी काढायची. सूत्र रोजमेळाचंच आहे:

सकाळची बाकी + आज आलेल्या − आज निकाली = संध्याकाळची बाकी

चार दिवसांचं कल्पित उदाहरण घेऊ.

सोमवार: ९ + २३ − २१ = ११
मंगळवार: ११ + १८ − २४ = ५
बुधवार: ५ + ३० − १९ = १६
गुरुवार: १६ + २२ − २५ = १३

हे आकडे काय बोलतात? चार दिवसांत ९३ विचारणा आल्या, ८९ निकाली निघाल्या. ९ होत्या, त्या १३ झाल्या. म्हणजे दुकान मेहनत करतंय, पण येणाऱ्याच्या वेगाला थोडं कमी पडतंय. बुधवारी बाकी एकदम ५ वरून १६ वर गेली. त्या दिवशी काय झालं, ते शोधा. माल उतरवायचा होता का? एक माणूस सुट्टीवर होता का? एखाद्या शाळेने नवी सूचना काढली का? कारण सापडलं की पुढच्या वेळी तयारी करता येते.

पण नुसत्या बाकीवर जाऊ नका. तिच्यासोबत आणखी एक आकडा लिहा: सगळ्यात जुनी बाकी किती दिवसांची आहे. समजा एका दुकानात १३ विचारणा बाकी आहेत, सगळ्या आजच्याच. दुसऱ्या दुकानात फक्त ४ बाकी आहेत, पण त्यातली एक ९ दिवसांची. कुठलं दुकान जास्त अडचणीत आहे? दुसरं. ९ दिवस वाट बघणारं गिऱ्हाईक आता वाटच बघत नाहीये.

म्हणून रोज संध्याकाळी दोनच आकडे, वहीच्या पानाच्या खाली, लाल शाईने: बाकी किती, आणि सर्वात जुनी किती दिवसांची. पाच मिनिटांचं काम आहे. मेसेज किती आले, सभासद किती वाढले, किती जणांनी अंगठा दाखवला, हे आकडे बघायला छान वाटतात, पण त्यांच्यावर उद्या सकाळी काही करता येत नाही. या दोन आकड्यांवर करता येतं.

आठवड्याची खतावणी

रविवारी अर्धा तास काढा. आठवड्याच्या कीर्दीतून खाती पाडा. वरच्याच ९३ विचारणा अशा वाटल्या गेल्या असं समजू:

साइज आणि स्टॉक: ३८
किंमत: २१
बदलून देणं: १४
दुकानाची वेळ, पत्ता: १२
इतर: ८

आता एकेक खातं वाचा.

वेळ आणि पत्ता १२ जणांनी विचारला, म्हणजे तो त्यांना सहज दिसत नाहीये. व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमध्ये वेळ, पत्ता आणि नकाशावरची जागा भरता येते. ती भरा. ग्रुपवर एक मेसेज पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी ठेवता येते. सीझनला ३० दिवसांची लावा.

किंमत २१ जणांनी विचारली. शाळेप्रमाणे, इयत्तेप्रमाणे दरपत्रक तयार करून तेच पाठवत राहा. कॅटलॉगमध्ये फोटो आणि किंमत टाकता येते. पण दर बदलला की तिथेही बदला. जुना दर दाखवून नवा घेणं यापेक्षा दर न दाखवलेला बरा.

साइजच्या ३८ मध्ये आणखी खोलात जा. समजा त्यातल्या ११ जणांनी ३० नंबरचा शर्ट विचारला आणि तो आपल्याकडे संपलाय. ही झाली मागणीची पक्की खबर. कारखानदाराला फोन करताना आता "जरा ३० नंबर पाठवा" असं बोलायची गरज नाही. "आठवड्यात ११ जणांनी विचारला, २ डझन पाठवा" असं बोला. अंदाज आणि हिशेब यातला फरक इथे पैशात दिसतो.

एक सावधगिरी: मोजायचे ते माणसं, मेसेज नव्हेत. एकाच आईने तीनदा विचारलं तर मागणी तिप्पट झाली नाही. मागणी एकच. पण त्या नोंदीसमोर दोन जादा टिंबं द्या. जिथे टिंबं जास्त, तिथे आपलं उत्तर उशिरा जातंय. मागणीचा आकडा वेगळा, आपल्या दिरंगाईचा वेगळा.

बदलीची १४ प्रकरणं बघताना शाळा आणि कपडा दोन्ही लिहा. १४ पैकी ९ एकाच शाळेच्या पँटी असतील तर दोष पालकांच्या मापात नाही, त्या लॉटमध्ये आहे. उरलेले नग तपासून मगच विका, आणि माल पाठवणाऱ्याला वही दाखवा. तोंडी तक्रारीला तो "सगळीकडे चांगलं चाललंय" म्हणतो. तारखेसकट नऊ ओळी दाखवल्या की बोलणं बदलतं.

गप्प झालेल्यांची यादी

हालचालींवर लक्ष ठेवणं म्हणजे फक्त बोलणाऱ्यांकडे बघणं नव्हे. महिन्यातून एकदा, किंवा आमच्यासारखा सीझनचा धंदा असेल तर सीझन सुरू होताना, मागच्या वर्षीची वही काढा. मागच्या वर्षी घेतलं आणि यंदा अजून विचारलंही नाही, अशी नावं वेगळी लिहा. काहींची मुलं दहावी होऊन गेली असतील, काहींनी गाव बदललं असेल. उरलेल्यांना एकच मेसेज: "नमस्कार, यंदाचा युनिफॉर्म आला आहे. माप मागच्या वर्षीचं आमच्याकडे आहे, एक साइज मोठा बाजूला ठेवू का?" प्रश्न असा विचारा की हो किंवा नाही म्हणता येईल.

ग्रुपवर पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला, कुणाकडे नुसता पोचला, हे दिसतं. खासगी चॅटमध्ये माणूस निळ्या खुणा बंद ठेवू शकतो, ग्रुपमध्ये ती सोय नाही. त्यामुळे "दुकान ८ तारखेला बंद" अशी सूचना किती जणांपर्यंत गेली, हे तपासायला ही माहिती उपयोगी आहे. पण "तुम्ही वाचलंत आणि बोलला नाहीत" असं गिऱ्हाइकाला कधीही म्हणू नका. वाचून गप्प बसणं हा त्यांचा हक्क आहे. उत्तराचं बंधन आपल्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

ब्रॉडकास्टबद्दलही लक्षात ठेवा: ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट लिस्टवरचा मेसेज जातच नाही. म्हणून "पाठवला होता" आणि "पोचला" यात फरक करा. बिल देताना "नंबर सेव्ह करून घ्या" हे वाक्य काउंटरवर रोजचं झालं पाहिजे.

फोनमधली कुठली सोय कशासाठी

वही मुख्य, फोन मदतनीस. मदत अशी घ्यायची:

लेबल: व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये चॅटला रंगीत लेबल लावता येतं. वीस बनवता येतात, पण तीन पुरेत: 'उत्तर बाकी', 'माल यायचाय', 'बदली'. वीस लेबलं लावणारा चौथ्या दिवशी लावायचंच सोडतो.

न वाचलेलं अशी खूण: वाचलेल्या चॅटला पुन्हा 'न वाचलेलं' करता येतं. गर्दीत वहीत लिहायला सवड नसेल तर तात्पुरती ही खूण करा. रात्री ती वहीत उतरलीच पाहिजे.

तारा: ग्रुपमधल्या एखाद्या मेसेजला तारा दिला की तो वेगळ्या यादीत मिळतो. गप्पांच्या ढिगातून विचारणा उचलायला उत्तम. निकाल लागला की तारा काढा.

झटपट उत्तरं: बदलीचा नियम, खातेक्रमांक, दरपत्रकाची ओळ, असे रोजचे मजकूर साठवून ठेवता येतात. तिरकी रेघ टाइप केली की यादी येते.

दुकान बंद असतानाचा मेसेज: रात्री आलेल्या विचारणेला आपोआप उत्तर जातं. त्यात वेळ लिहा: "सकाळी ११ च्या आत उत्तर देऊ." आणि मग ११ च्या आत द्याच. आपोआप गेलेलं उत्तर हा निकाल नव्हे, वहीत ती ओळ उघडीच.

पोल: "रविवारी दुकान उघडं ठेवू का?" असे प्रश्न गप्पांत विचारू नका, पोल टाका. हात मोजता येतात.

वही कुणाची?

दुकानात दोघं-तिघं असतील तर हा भाग नीट वाचा. विचारणेला धनी नसेल तर ती कुणाचीच नसते. म्हणून चौथा रकाना, 'कोण उत्तर देणार', रिकामा ठेवायचा नाही. तिथे एकच नाव. दोन नावं लिहिली की पुन्हा कुणीच नाही.

सकाळी दुकान उघडल्यावर पहिली दहा मिनिटं वहीची. कालची बाकी मोठ्याने वाचायची, प्रत्येक ओळीला आजचा माणूस ठरवायचा. जेवायला जाताना जो फोन सोपवतो, त्याने एवढंच सांगायचं: "तीन उघड्या आहेत, एक टेलरकडून यायचीय."

याचा आणखी एक फायदा आहे, तो पैशाचा नाही. वही नसते तेव्हा एखादं गिऱ्हाईक चिडलं की सगळा राग काउंटरवरच्या पोरावर निघतो. "तुला सांगितलं होतं ना!" तो म्हणतो, "नव्हतं सांगितलं." दोघांकडे पुरावा नाही, आणि महिन्याचा पगार घेणाऱ्याचं तोंड बंद होतं. वही असली की खोट दिसते, माणूस दिसत नाही. टेलरने दोन दिवस लावले, की लिहायचंच राहिलं, की माल आलाच नाही, हे ओळीवरून कळतं. पण मालकाने वहीचा वापर पकडापकडीसाठी केला तर काय होईल? कर्मचारी अवघड विचारणा लिहायचंच टाळतील. बाकी कमी दिसेल आणि गिऱ्हाईकही कमी होईल. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: बाकी राहिली म्हणून कुणाला बोलणार नाही, नोंद राहिली तर विचारीन.

या आठवड्याचा गृहपाठ

पहिला दिवस: वही आखा. आज रात्री बसून गेल्या तीन दिवसांचे मेसेज खालून वर वाचा आणि उत्तर न गेलेली प्रत्येक विचारणा उतरवा. हीच तुमची सुरुवातीची बाकी. आकडा मोठा आला तर दचकू नका, तो आधीपासून होताच, आज दिसला एवढंच.

दुसरा दिवस: त्यातल्या सगळ्यात जुन्या विचारणेपासून सुरुवात करा, सोप्या विचारणेपासून नको. दोन दिवसांपेक्षा जुन्याला मेसेज नको, फोन करा.

तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत: रोज सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. दोन आकडे लाल शाईने.

सातवा दिवस: खतावणी पाडा. सगळ्यात मोठं खातं कुठलं, ते बघा आणि त्याच्यावर एकच उपाय करा. एकच. पुढच्या रविवारी त्या खात्याचा आकडा उतरला का, ते तपासा.

सात दिवसांचे बाकीचे आकडे आणि सर्वात जुन्या बाकीचे दिवस, एवढंच व्हिडिओखाली लिहा. गिऱ्हाइकांची नावं-नंबर नकोत. कुणाची बाकी सलग चार दिवस चढतीच असेल, त्यांच्या वहीचे रकाने आपण पुढच्या भागात मिळून तपासू.

आज दुकान बंद करताना रोकड मोजालच. त्याच हाताने ही बाकीही काढा.